एकशे चाळीस कमोड आणि तिसरं गॅस्केट

घाट, सातवं वळण
सोमवार, ३ मार्च, भर दुपार

मामा,

पाया पडते, पण मनातल्या मनात. वाकायचं तर बैठकीवरून उठावं लागेल, आणि बैठक मोठी झकास आहे. मी कमोडवर बसून लिहितेय. दचकू नकोस. कमोड नवाकोरा आहे, आत्ताच गवतातून सोडवून काढलाय आणि रस्त्याच्या कडेला दरीकडे तोंड करून ठेवलाय. उरलेले एकशे एकोणचाळीस ट्रकमध्ये आहेत. ट्रक उभा आहे. तो का उभा आहे हे तुला सांगायला नको, कारण त्याचं हेड गॅस्केट तू कालच बदललंस.

एक दिवस, मामा! दुधाची पिशवीसुद्धा याहून जास्त टिकते.

सहाव्या वळणापर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. मग तापमानाचा काटा लाल रेघेकडे असा निघाला, जणू तिथे त्याचं सासर आहे आणि तो जावई आहे. मागून सायलेन्सरने पांढरा ढग सोडला. रेडिएटरमध्ये बुडबुडे. ऑइलची पट्टी ओढून बघितली तर तिला दूध घातलेली कॉफी लागलेली. म्हणजे पाणी तेलात शिरलं. बाबांनी मला अक्षरं शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं, त्यामुळे वाद घालू नकोस.

आता आईचा नियम ऐक. ट्रक बाबांच्या मागे तिच्या नावावर आहे, आणि तिने मला जाहीर बजावलंय की घाटातून दोनदा ओढून आणावा लागला तर तिसरी खेप नाही, थेट भंगार. आज पहिली वेळ झाली. ट्रक गेला की माझी रवानगी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत. जागा तिने बघूनसुद्धा ठेवलीय. दिवसभर लोकांचं जन्मणं लिहायचं आणि मरणं लिहायचं, मधलं काही नाही. मामा, मला मधलंच हवंय!

आणि घाटावरचं वसतिगृह ३१ तारखेला उघडतंय. अधीक्षकांचा फोन आला होता. इमारत तयार, रंग तयार, भाषण तयार. फक्त बसायची सोय तेवढी माझ्या ट्रकमध्ये.

एक विचारू? काल तू तोंडाला रुमाल बांधून अख्खा दिवस 'हं' आणि 'हंहं' एवढ्यावर काढलास. फोन उचलत नाहीस. निघताना पाटीवर खडूने लिहून दाखवलंस, 'फोन बिघडला. पत्र लिहून बसच्या कंडक्टरकडे देत जा.' दोन तासांवर राहून आपण पत्रं लिहायची? माझं काही चुकलं का? चुकलं असेल तर ओरड, पण गॅस्केटवर राग काढू नकोस.

कमोडवरून,
तुझी ठमी


गॅरेज
बुधवार, ५ मार्च

ठमे,

आशीर्वाद जुनेच चालवून घे, ते वारंवार बदलावे लागत नाहीत.

पत्र परवाच मिळालं. काल उत्तर दिलं नाही कारण मंगळवारी गॅरेज बंद असतं.

तुझ्या तक्रारीकडे वळण्याआधी तुला गॅस्केट म्हणजे काय ते कळलं पाहिजे. खाली इंजिनचा ब्लॉक, वर हेड, आणि दोघांच्या मध्ये चेपून बसलेला हा कागदाएवढा पातळ प्राणी. एका अंगाने त्याला आग चाटते, दुसऱ्या अंगाने पाणी ढकलतं, तिसऱ्या अंगाने तेल. या तिघांची एकमेकांशी गाठ पडू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. प्रत्येक घरात असा एक माणूस असतो. तो आहे तोवर कुणाचं लक्ष नसतं आणि तो गेला की सगळ्या घरातून वाफ निघते.

आता तो जुन्या ट्रकमध्ये का जातो? कारणं ढीगभर आहेत आणि बहुतेक सगळी ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली असतात. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. गरम झाले की दोघं वेगवेगळे फुगतात, थंड झाले की वेगवेगळे आखडतात. मधल्याची घासाघीस होते. नव्या ट्रकमध्ये तो सोसतो. जुन्यात पाण्याच्या वाटांमध्ये क्षार बसलेले, पंखा आळशी, हेड उन्हात ठेवलेल्या पापडासारखं किंचित वाकलेलं. त्यात एखादी घाईची मुलगी सकाळी इंजिन गार असतानाच एकशे चाळीस कमोड घेऊन घाट चढायला लागते. मग गॅस्केटने करायचं काय, नाचायचं?

चालू करून दहा मिनिटं उभा ठेवत जा. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतू नकोस. रविवारी ट्रक ओढून आण, नवीन टाकून देतो.

रुमाल धुळीसाठी होता. राग नाही. फोन खरंच बिघडलाय.

मामा


माल डेपो
शुक्रवार, ७ मार्च

मामा,

दहा नाही, पंधरा मिनिटं उभा ठेवला होता. घड्याळ लावून. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी नव्हतं, हिरवं कूलंट होतं, तूच ओतलं होतंस. आणि हेडवर सरळ पट्टी ठेवून तूच पातळ पत्री सरकवून बघितलीस, पत्री शिरली नाही, म्हणजे हेड सरळ. तर ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली कारणं सगळी उतरली. आता मिस्त्रीकडे बघायचं का?

रागावू नकोस. लहानपणी बॉनेटच्या कडेला बसून मी तुला हेडचे बोल्ट आवळताना बघायचे. तू पाना लावायचास, डोळे मिटायचास, दातावर दात घट्ट दाबायचास आणि ओढत राहायचास. खालची उजवी दाढ ठणकली की 'बस्स!' म्हणून सोडायचास. मग पुढचा बोल्ट. सगळे बोल्ट एकसारखे. बाबा म्हणायचे, लोक पान्यावर काटा बसवतात, याने दाढेत बसवलाय.

पण मामा, दाढेचंही वय होत असेल ना. डेपोसमोरच्या लेथवाल्याकडे टॉर्क पाना आहे. आकडा लावायचा, ओढायचं, बरोबर आवळलं गेलं की तोच 'कट्' करून सांगतो. रविवारी मागून आणू का?

आता दुसरा विषय, जास्त गोड. मंगळवारी गॅरेज कधीपासून बंद असतं रे? कंडक्टरकाकांनी मला सगळं सांगितलंय. दर मंगळवारी तू आंघोळ करून (हे शब्द त्यांचे), इस्त्रीचा शर्ट घालून बसमध्ये चढतोस, तीन थांबे पुढे उतरतोस, पिवळ्या इमारतीचा जिना चढतोस आणि 'बाईंकडे' जातोस. तासाभराने खाली येतोस तो गालावर हात ठेवून, लाल झालेला, कुणाशी न बोलता!

गालावर हात ठेवून, मामा!

मी काकांना शपथ घातलीय की कुणाला सांगू नका. त्यांनी ती पुढच्या थांब्यापर्यंत पाळली असेल.

आनंदाने वेडी झालेली
ठमी


गॅरेज
शनिवार, ८ मार्च

ठमे,

टॉर्क पाना या गॅरेजचा उंबरा ओलांडणार नाही. ज्याच्या हाताला कळत नाही त्याने यंत्राला विचारावं. मी तीस वर्षं हेड बसवतोय. माझ्या आवळलेल्या बोल्टने कधी मान टाकली नाही.

बाकी तू जे लिहिलंयस त्याबद्दल एवढंच सांगतो, की माणसाला खाजगी आयुष्य असतं. अठ्ठावन्नाव्या वर्षीही असतं. जास्त विचारू नकोस, मी जास्त नाकारणार नाही.

तुझ्या आईला यातलं अक्षर कळता कामा नये.

उद्या ट्रक आण. धूळ अजून आहे, तेव्हा रुमालही आहे.

मामा


घर
सोमवार, १० मार्च

दादा,

कळलं.

पोरीने शपथ घेऊन सांगितलं की ती मला काहीच सांगणार नाही, आणि मग जेवताना सगळं सांगितलं.

वहिनीला जाऊन बारा वर्षं झाली. आम्ही सगळे म्हणत होतो बघ कुणी, बघ कुणी, तर तू इंजिनात डोकं घालून बसायचास. आणि आता परस्पर? जिने चढतोस? माझी हरकत नाही, हे आधी लिहून टाकते. पण बाई कोण, करते काय, स्वभाव कसा, पायऱ्या चढवून घेते म्हणजे गुडघ्यांची काळजी आहे की नाही, हे सख्ख्या बहिणीला कळू नये? पुढच्या मंगळवारी, अठराला, मी येतेय. तुझ्याबरोबर नाही, तुझ्या मागून येईन. माणूस बेसावध असला की खरा दिसतो.

काल तुझ्याकडून आलेला ट्रक मी अंगणातून बघितला. आवाज बरा वाटतोय. पण नियम तो नियम. नवरा गेला तेव्हा मी ठरवलं होतं की या घरातलं दुसरं माणूस त्या घाटात अडकून वाट बघायला लावणार नाही. भंगारवाल्याचं कार्ड माझ्या पर्समध्ये आहे. तू नीट आवळलं असशील तर ते तिथेच राहील.

तुझी धाकटी, पण आता तुझ्यापेक्षा शहाणी


माल डेपो
गुरुवार, १३ मार्च

मामा,

काल गेलं.

या वेळी नवव्या वळणापर्यंत पोचले होते. दोन वळणं पुढे. एवढीच प्रगती. अधीक्षक घाटाच्या वरच्या टोकाला दुर्बीण घेऊन उभे होते म्हणे. त्यांनी पांढरा ढग बघितला आणि त्यांना वाटलं स्वागताची आतषबाजी.

आईने कार्ड काढलं. भंगारवाला येत्या गुरुवारी, वीस तारखेला येणार. कमोड दुसऱ्या गाडीत चढवायचे आणि बाबांचा ट्रक तो घेऊन जाणार. मी रडले नाही. आईसमोर मी फक्त हिशोबी चेहरा करते, रडण्यासाठी माझी केबिन आहे, आणि ती आता सात दिवसच आहे.

पण ऐक, मला काहीतरी सापडलंय आणि ते मला झोपू देत नाही.

आज सकाळी मी लेथवाल्याला सोबत घेऊन हेड उचललं. पहिलं गॅस्केट मी सीटखाली जपून ठेवलं होतं, तेही त्याला दाखवलं. त्याने पहिलं उजेडात धरलं आणि म्हणाला, "हे तर चेपलंच नाही. बोल्ट नुसते मुलाचा गाल ओढावा तसे ओढलेत." मग त्याने रविवारच्या फिटिंगचे बोल्ट काढले, एक नव्या बोल्टाशेजारी उभा धरला. जुना बोल्ट नखभर लांब! "आणि हे कुणी आवळले, हत्तीने? इतके ताणलेत की धरायची ताकदच गेली. गरम झाले आणि सैल पडले." मग मला विचारतो, "दोन मिस्त्री आहेत का तुमच्याकडे? एक आजारी आणि एक पिसाळलेला?"

मामा, मिस्त्री एकच आहे. तीस वर्षं ज्याचा प्रत्येक बोल्ट एकसारखा, तो एका रविवारी अर्ध्यावर सोडतो आणि दुसऱ्या रविवारी दुप्पट ओढतो?

मी बसून सगळं आठवलं. रुमाल. 'हंहं'. पाटी. बिघडलेला फोन, जो टेबलावर वाजत होता आणि तू त्याच्याकडे बघून मान हलवत होतास. आणि एक गोष्ट, जिच्याकडे मी तेव्हा लक्षच दिलं नाही. तू वायर सोलायला पक्कड घेतलीस. तू! जन्मभर दाताने वायर सोललीस, बाटल्यांची झाकणं दाताने उडवलीस, त्या माणसाने पक्कड घेतली.

पिवळ्या इमारतीत प्रेम करतात का रे नक्की?

मामा, तुझ्या दाढेला काय झालंय?

ठमी


गॅरेज
शनिवार, १५ मार्च

ठमे,

तू तुझ्या बापावर गेलीस. तोही असाच, आधी हसवायचा आणि मग बरोबर नेमक्या बोल्टवर पाना लावायचा.

दाढ नाही.

एकही दाढ नाही. दातही नाहीत. जानेवारीत सगळे काढले. पिवळ्या इमारतीत, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई बसतात. वय असेल तुझ्याएवढंच, आणि मला 'आजोबा, आ करा' म्हणतात. तुम्हा मायलेकींनी त्यांना माझ्या गळ्यात बांधलंत तेव्हा मी गप्प राहिलो, कारण मला ते आवडलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रेमात पडलेला मिस्त्री, असं म्हणवून घेणं हे बोळका मिस्त्री म्हणवून घेण्यापेक्षा कितीतरी चांगलं. गालावर हात का असायचा ते आता तुला कळलं असेल.

फेब्रुवारीच्या शेवटी कवळी मिळाली. ठमे, तिच्यात 'स' म्हटला की शिट्टी वाजते. 'सायलेन्सर' म्हणालो तर रस्त्यापलीकडचे दोन कुत्रे येऊन उभे राहतात. माझा धंदाच 'स'चा आहे. सिलिंडर, स्क्रू, सस्पेन्शन! म्हणून फोन बिघडला आणि धूळ वाढली.

आता तुझा लेथवाला. माणूस हुशार आहे, माझ्याकडून त्याला चहा पाज.

पहिल्या रविवारी कवळी नवी होती, उजव्या बाजूला टोचत होती. मी नेहमीसारखे डोळे मिटले, दात आवळले, ओढायला लागलो, आणि अर्ध्यातच हिरडीतून अशी कळ गेली की हात आपोआप सुटला. मला वाटलं, बस्स. सगळे बोल्ट तसेच, अर्धे.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी टोचणारा भाग घासून गुळगुळीत केला. दुसऱ्या रविवारी मी ओढतोय आणि ओढतोय आणि दुखतच नाही. मी वाट बघत राहिलो. अशी वाट मी कुणाची बघितली नसेल. शेवटी दंड भरून आले म्हणून सोडलं. सगळे बोल्ट तसेच, दुप्पट.

म्हणजे ट्रकचा दोष नाही. तुझाही नाही. मी तुला गार इंजिनाचं व्याख्यान दिलं, ते खरं होतं, जुन्या ट्रकची गॅस्केटं तशीच जातात. फक्त या ट्रकची तशी गेली नाहीत.

हे तुझ्या आईला सांगितलं तर ट्रक वाचेल, एवढं मला कळतं. पण तिला सांगायचं म्हणजे सगळ्या गावाला. लोक माझ्याकडे यायचे ते मी दातांनी वायर सोलतो ते बघायला, इंजिन हे निमित्त. मला मंगळवारपर्यंत वेळ दे. तोवर तू काही बोलू नकोस.

मामा


दादाचं घर
मंगळवार, १८ मार्च

ठमे,

मी दोन दिवस इथेच राहतेय, तोंड दुखतंय. कारण पुढे.

सकाळी ठरल्याप्रमाणे दादाच्या मागच्या बसने निघाले. निळी साडी नेसले, म्हटलं पहिल्या भेटीत भारदस्त दिसावं. पिवळ्या इमारतीचा जिना चढले. दारावर पाटी होती पण चष्मा पर्समध्ये कार्डाखाली गेला होता. आत एक तरणी मुलगी पांढऱ्या कोटात. मी म्हटलं, तुमच्या बाई कुठे आहेत? ती म्हणाली, मीच बाई. तुझ्याएवढी पोर! मी म्हटलं, आमच्या दादाला तू पसंत आहेस का, म्हणजे तुला आमचा दादा पसंत आहे का? ती म्हणाली, त्यांची हिरडी छान आहे.

बसायला कुठे जागा दिसेना म्हणून मी तिथल्या एकुलत्या एका खुर्चीत बसले. खुर्ची आपोआप आडवी झाली. "आलाच आहात तर आ करा." मी आ केला, कारण होणाऱ्या भावजयीला पहिल्याच भेटीत नाही कसं म्हणायचं? दोन दाढा किडलेल्या निघाल्या. भरून घेतल्या. म्हणजे तिनेच भरल्या, मी नुसती हातवारे करत होते.

इतक्यात आतल्या दारातून दादा आला. मला आडवी बघून जागीच थिजला. त्याला पळता आलं असतं. मला बोलता येत नव्हतं, तोंड बधिर होतं. त्याच्याकडे खोटं बोलायला निदान अर्धा तास होता. पण त्याने काय केलं माहितीय? खिशातला रुमाल काढला, तोंड फिरवलं, आणि पुढे येऊन आपली कवळी माझ्या हातावर ठेवली. आणि बोळक्या तोंडाने म्हणाला, "ट्रकचा दोष नाही गं. दोष हा. भंगारात द्यायचं तर हे दे."

मी त्याला लहानपणापासून ओळखते. आयुष्यात त्याने चूक कबूल केल्याचं मला आठवत नाही. माझं तोंड बधिर होतं म्हणून बरं, नाहीतर मी काय बोलले असते देव जाणे. मी आपली ती कवळी पदराने पुसली आणि परत दिली.

मग त्याने त्या पोरीला सगळं सांगितलं. दाढ, पाना, ओढ, कळ. ती पोट धरून हसली, मग उठून कपाट उघडलं आणि बोटाएवढा एक पाना काढला. म्हणाली, "आजोबा, कुणाच्या जबड्यात स्क्रू मारून दात बसवायचा असला तर मीसुद्धा याच्याने आवळते. बघा." तिने फिरवला. 'कट्' झालं. "मी सहा वर्षं शिकलेय, पण मी माझ्या हातावर विश्वास ठेवत नाही. माणसाचं हाड आहे, फुटेल ना."

दादा तो पाना हातात घेऊन किती वेळ बसला होता. कट्. कट्. कट्. लहान मूल खुळखुळा वाजवतं तसा. शेवटी म्हणाला, "याचा मोठा भाऊ डेपोसमोर आहे ना?"

तर भंगारवाल्याला सांग, येऊ नकोस. आधीच्या दोन्ही वेळा ट्रकच्या नावावर नाहीत, दादाच्या तोंडावर आहेत. एकच संधी, आणि या वेळी केबिनमध्ये तुझ्या शेजारी मी बसणार. कार्ड हातात घेऊन.

आई

ता. क. काय म्हणायचं ते म्हण, पण मुलगी मला आवडलीय. दादासाठी नाही, तुझ्या मावसभावासाठी बोलतेय.


वसतिगृह, घाटमाथा
सोमवार, २४ मार्च

मामा,

पाया पडते, आणि या वेळी खरंच वाकून, कारण इथे सपाट आहे.

कालचा रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू रुमाल न बांधता उभा राहिलास. माझ्या हातात लेथवाल्याचा टॉर्क पाना, तुझ्या हातात काहीच नाही. सगळे बोल्ट नवे. तू क्रम सांगत होतास, आधी मधले, मग दोन्ही बाजूंनी बाहेर बाहेर. आधी थोडे, मग आणखी, मग पूर्ण. तिसऱ्या फेरीत तू म्हणालास, "सावकाशss..." आणि खरंच कुत्रे आले! तू त्यांच्याकडे बघून हसलास तेव्हा मी बघितलं, कवळी किती छान बसलीय तुला. आणि प्रत्येक 'कट्' ला तू डोळे मिटत होतास. मी बघत होते हं.

आज सकाळी आई चढली. निळी साडी, पर्स, कार्ड. पंधरा मिनिटं इंजिन गरम केलं, तिने स्वतः घड्याळ धरलं. पहिली तीन वळणं ती कार्डाने वारा घेत होती. चौथ्यापासून तिने वारा घेणं थांबवलं आणि काट्याकडे बघायला लागली. सातवं वळण आलं. काटा मध्यावर. आठवं. काटा मध्यावर. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो इतका घट्ट दाबला की मला वाटलं 'कट्' वाजेल. नववं वळण गेलं, मामा! तिथे गेल्या वेळची आपली हिरवट खूण अजून रस्त्यावर आहे, कूलंटचा डाग. आईने खिडकीतून खाली बघितलं आणि त्याला हात केला.

दहाव्या वळणानंतर रस्ता खडबडीत आहे, तिच्या बाजूच्या खिडकीची काच खडखड खडखड वाजायला लागली. बाबांच्या वेळेपासून वाजते ती. आई चिडली. तिने हातातल्या कार्डाला चार घड्या घातल्या आणि ते काचेच्या फटीत खुपसलं. खडखड थांबली. ती म्हणाली, "एवढंसं काम कुणाला जमलं नाही इतकी वर्षं." आणि मग बाहेर बघत राहिली. कार्ड अजून तिथेच आहे. ते आता त्या ट्रकचं गॅस्केट आहे.

अधीक्षकांनी दुर्बीण टाकून धावत येऊन दार उघडलं. कमोड एकशे एकोणचाळीस नीट उतरले. एकशे चाळिसाव्यावर मी घाटात बसून तुला पत्र लिहिलं होतं, त्याच्या कडेला माझ्या पेनाचा डाग पडलाय. तो कमोड त्यांनी उद्घाटनाच्या दिवशी स्वतःच्या घरी लावायचा ठरवलाय. मानाचा म्हणे.

खिडकीतली नोकरी आईने कुणालातरी देऊन टाकली. मला मधलं मिळालं, मामा.

ठमी


गॅरेज
मंगळवार, २५ मार्च

ठमे,

तुझं पत्र यायच्या आधीच कंडक्टर सांगून गेला होता. काल दुपारी गॅरेजसमोर बस थांबवून, अर्ध्या बसला खाली उतरवून, ओरडला, "मिस्त्री, पोरीने घाट मारला!" मी हातातलं काम तसंच धरून उभा होतो. जबडा आवळून घेतला, दुसरं काय करणार.

आणि खालच्या उजव्या बाजूला, जिथे आता काहीसुद्धा नाही, तिथे ठणकलं. अगदी जुन्यासारखं, नेमकं. बस्स म्हणावं तेवढंच.

आज डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, असं होतं कधीकधी, आजोबा.

टॉर्क पाना मी मागवलाय, माझा स्वतःचा. गॅरेजच्या पाटीवर आता लिहून ठेवलंय की इथे दाताने वायर सोलून मिळणार नाही. दोन गिऱ्हाइकं हळहळली, बाकीच्यांना फरक पडला नाही. इतकी वर्षं मला उगीच वाटत होतं.

फोन दुरुस्त झालाय. लाव. 'सायलेन्सर' म्हणून दाखवतो.

मामा